आधी भिंत बघा, मग वेल निवडा: इंग्लंडातल्या घराभोवती क्लेमॅटिस

इंग्लंडात पहिलं घर घेतलेल्या बहुतेकांच्या मागच्या अंगणात सारखंच दृश्य असतं. तीन बाजूंनी सहा फुटी लाकडी कुंपण, मध्ये हिरवळीचा चौकोन आणि घराची उघडी विटांची भिंत. या कुंपणावर काहीतरी चढवावं असं सगळ्यांनाच वाटतं. मोगरा किंवा मधुमालती इथल्या थंडीत बाहेर टिकत नाही. क्लेमॅटिस टिकते, दर वर्षी जास्त फुलते, आणि जाती नीट निवडल्या तर फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत अंगणात कुठे ना कुठे फूल असतं.

तशी ही वेल आपल्याला परकी नाही. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत झुडपांवर पांढऱ्या फुलांनी लदलेली मोरवेल दिसते, नंतर तिला पिसांसारखे तुरे येतात. ती क्लेमॅटिसच. इथल्या बागांमधल्या जाती वेगळ्या आहेत, पण पानाचा देठ वळवून आधार पकडायची रीत तीच.

नवख्या माणसाचं चुकतं ते एकाच ठिकाणी. मे महिन्यात गार्डन सेंटरमध्ये गेलं की फुललेली रोपं समोरच मांडलेली असतात. सगळ्यात मोठं फूल बघून रोप उचललं जातं आणि घरी आल्यावर ते कुठे लावायचं हे शोधायला सुरुवात होते. हा क्रम उलटा करा. जागा आधी ठरली की जात, आधार, छाटणी हे सगळं आपोआप ठरत जातं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

१. ऊन कुठे पडतं ते बघा

सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला अंगणात उभं राहा. कुठल्या कुंपणावर ऊन आहे ते कागदावर लिहून ठेवा. शक्यतो एप्रिल ते सप्टेंबरमध्ये करा. हिवाळ्यात इथला सूर्य इतका खाली असतो की अर्धं अंगण सावलीतच राहतं, आणि त्यावरून अंदाज चुकतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घराच्या जाहिरातीतले शब्द फसवतात. ‘साउथ-फेसिंग गार्डन’ म्हणजे घराच्या मागच्या दारातून बाहेर बघितलं की तोंड दक्षिणेला होतं. अशा अंगणात घराच्या मागच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं. पण समोरच्या टोकाचं कुंपण तुमच्याकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभं असतं आणि त्यावर ऊन जवळजवळ पडत नाही. अंगण दक्षिणमुखी आहे म्हणून त्या कुंपणाशी उन्हाची जात लावली, तर ती वर वर जाईल आणि शेजाऱ्याच्या बाजूला फुलेल. प्रत्येक कुंपणाची दिशा वेगळी धरायची, अंगणाची नाही.

आता दिशेप्रमाणे काय लावावं.

उत्तरेकडे तोंड असलेली भिंत किंवा कुंपण: ‘नेली मोझर’. फिकट गुलाबी पाकळी आणि मधोमध गडद पट्टा. ही १८९७ ची फ्रेंच जात अजूनही प्रत्येक गार्डन सेंटरमध्ये मिळते. कडक उन्हात तिचा रंग उडतो, सावलीत पट्टा शेवटपर्यंत उठून दिसतो. म्हणजे जी जागा सगळे वाया गेलेली समजतात, तीच हिची खरी जागा. ‘हॅगली हायब्रिड’चंही तसंच. लहान, घंटेसारखी निळी फुलं आवडत असतील तर ‘आल्पिना’ गटातली ‘फ्रान्सिस रिव्हिस’ घ्या. ती डोंगराळ प्रदेशातली आहे, थंडी आणि वारा दोन्ही सोसते.

पूर्व: सकाळचं कोवळं ऊन मिळतं, मोठ्या फुलांच्या बहुतेक जाती इथे खूश असतात. फक्त एप्रिलमध्ये रात्री दहिवर पडलं आणि सकाळी एकदम ऊन आलं, तर लवकर येणाऱ्या कळ्या करपतात. त्यामुळे इथे जूननंतर फुलणारी जात जास्त सुरक्षित.

पश्चिम: सगळ्यात सोपी दिशा. जे आवडेल ते लावा.

दक्षिण: इथे व्हिटिसेला गट. ‘एत्वाल व्हायोलेट’, ‘पोलिश स्पिरिट’, ‘मादाम ज्युलिया कोर्व्हाँ’. फुलं मध्यम आकाराची, पण इतकी येतात की जुलै-ऑगस्टमध्ये पानं दिसत नाहीत. ‘पोलिश स्पिरिट’ वॉर्साच्या मठातले जेझुइट ब्रदर स्टेफान फ्रांचाक यांनी तयार केली. त्यांनी मठाच्या बागेत आयुष्यभर क्लेमॅटिसच्या नव्या जाती काढल्या. मला एकच वेल निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. उबदार, वाऱ्यापासून आडोशाची दक्षिणेची भिंत असेल तर सदाहरित ‘आर्मांडी’ही चालते. मार्च-एप्रिलमध्ये तिला सुगंधी पांढरी फुलं येतात. पण तिला जागा मोठी लागते आणि थंड वाऱ्यात तिची पानं काळी पडतात.

२. लेबलवरचा गट वाचा

प्रत्येक रोपाच्या लेबलवर १, २ किंवा ३ असा छाटणीचा गट छापलेला असतो. फुलाच्या रंगाआधी हा आकडा बघा.

गट १ वसंतात, मागच्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर फुलतो. माँटाना, आल्पिना, आर्मांडी यात येतात. गट २ मे-जूनमध्ये मोठी फुलं देतो आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा थोडी. ‘नेली मोझर’, ‘द प्रेसिडेंट’ या त्यातल्या. गट ३ त्याच वर्षीच्या नव्या वाढीवर, जुलैपासून पुढे फुलतो. सगळ्या व्हिटिसेला यात येतात, आणि ‘जॅकमनाय’सुद्धा. ती जांभळी जात सरे परगण्यातल्या वोकिंगमध्ये जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८६२ मध्ये पहिल्यांदा फुलली आणि इंग्लंडभर पसरली.

पहिलीच वेल असेल तर गट ३ घ्या. छाटणीत चूक होऊच शकत नाही, कारण सगळंच कापायचं असतं.

माँटानाबद्दल मात्र आधीच सावध करतो. ही हिमालयातली वेल. गव्हर्नर-जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांनी ती १८३१ मध्ये ब्रिटनमध्ये आणली अशी नोंद आहे. मे महिन्यात गुलाबी-पांढऱ्या फुलांचा असा पडदा लागतो की रस्त्यावरचे लोक थांबून बघतात. पण ती आठ-दहा मीटर सहज वाढते. सहा फुटी कुंपणाच्या एका फळीवर ती लावली तर तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या शेडवर, पाचव्या वर्षी छपराच्या पन्हाळीत शिरते. मोठं जुनं झाड किंवा लांबलचक गॅरेज असेल तरच तिला आणा.

३. कुंपण कुणाचं ते तपासा

हे कंटाळवाणं वाटतं, पण शेजारसंबंध यावरच टिकतात. कुठल्या बाजूचं कुंपण कुणाचं याबद्दल इथे बऱ्याच समजुती आहेत (‘डाव्या बाजूचं आपलं’ वगैरे), त्यांना आधार नाही. घर घेताना सॉलिसिटरने दिलेली कागदपत्रं काढा आणि हे बघा:

- टायटल प्लॅन आणि टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीचा अधिकृत नकाशा आणि नोंद. नकाशावर हद्दीच्या रेषेवर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी खूण असेल, तर ती ज्या बाजूला आहे त्या घराकडे सहसा कुंपणाची जबाबदारी असते.
- नव्या वसाहतीत घर असेल तर बिल्डरच्या अटी. पुढच्या बाजूला कुंपण किंवा जाळी लावायला काही ठिकाणी मनाई असते.
- भाड्याचं घर असेल तर भाडेकरार. भिंतीत भोक पाडण्याआधी घरमालकाची परवानगी लेखी घ्या, ईमेल चालते. परवानगी नाही मिळाली तर कुंडीचा पर्याय खाली दिला आहे.

कुंपण शेजाऱ्याचं असेल तर त्यात खिळा ठोकू नका. आपल्या बाजूला वेगळे खांब रोवून त्यावर जाळी बसवता येते. कुंपणाच्या वर जाळी चढवायची असेल तर एकूण उंची दोन मीटरच्या आत ठेवा, रस्त्यालगत एक मीटरच्या आत. त्यापुढे सहसा प्लॅनिंग परमिशन लागते. आणि काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याशी बोला. ‘वेल लावतोय, तुमच्या बाजूला आली तर बिनधास्त कापा’ एवढं सांगितलं की पुढचे बरेच प्रश्न उठतच नाहीत.

४. सामान

- रोप: किमान दोन लिटरच्या कुंडीतलं, बुडापासून दोन-तीन काड्या निघालेलं. सुपरमार्केटमध्ये मिळणारी छोटी रोपं स्वस्त असतात, पण ती आधी मोठ्या कुंडीत एक हंगाम वाढवावी लागतात. लेबलवर चषकाचं चिन्ह असेल तर त्या जातीला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची पसंती आहे असं समजा.
- फावडं, खुरपं, झारी
- पीट (दलदलीतून काढलेला कुजका पाला) नसलेलं कम्पोस्ट आणि कुजलेलं शेणखत (पोत्यात मिळतं)
- गॅल्व्हनाइज्ड तार आणि भिंतीत बसवायचे डोळ्याचे खिळे, इथे त्यांना ‘व्हाइन आय’ म्हणतात. किंवा लाकडी जाळी
- मऊ सुतळी
- धारदार कात्री आणि हातमोजे. क्लेमॅटिसचा चीक कातडीला झोंबतो. कुत्रं किंवा लहान मूल पानं चघळणार नाही याकडेही लक्ष ठेवा, पोटात गेला तर त्रास होतो.

गावाहून सुटकेसमधून रोप किंवा बी आणायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यासाठी वनस्पती-आरोग्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि ते नसेल तर विमानतळावर जप्त होतं.

५. आधार आधी लावा

रोप लावून मग भोकं पाडायला गेलं की कोवळ्या काड्या मोडतात.

क्लेमॅटिस भिंतीला चिकटत नाही, आयव्हीसारखी मुळंही रोवत नाही, त्यामुळे विटांना धोका नाही. ती पकडते पानाच्या देठाने. मे महिन्यात जवळून बघा. कोवळा देठ तारेला टेकला की तिच्याभोवती एक वेढा घेतो आणि पुढच्या काही दिवसांत घट्ट, काडीसारखा होतो. मग तो सोडवायला गेलात तर तुटतो, पण सुटत नाही. हा देठ आखूड असतो, त्यामुळे जाड खांबाभोवती तो पोचतच नाही. पेन्सिलीएवढ्या किंवा त्याहून बारीक वस्तूलाच तो वेढा घालू शकतो. बाजारातल्या बऱ्याच सजावटी जाळ्यांच्या पट्ट्या रुंद असतात. त्या वापरायच्या तर त्यावर बारीक तारेची जाळी ठोका.

भिंतीवर आडव्या तारा साधारण ३० सेंटीमीटर अंतराने, भिंतीपासून ५ सेंटीमीटर पुढे ताणून बसवा. मागे हवा खेळली पाहिजे.

६. लागवड

सप्टेंबर-ऑक्टोबर हा उत्तम काळ. माती अजून उबदार असते, पाऊस सुरू झालेला असतो, मुळं हिवाळ्याआधी बसतात. तो हुकला तर मार्च-एप्रिल. माती गोठलेली किंवा चिखल झालेली असताना लावू नका.

खड्डा भिंतीच्या बुडाशी खणायचा नाही. भिंत आणि कुंपण पाऊस अडवतात, त्यांच्या पायाशी माती कोरडी ठणठणीत राहते. ३० ते ४५ सेंटीमीटर पुढे खणा. नव्या वसाहतीत वरच्या वीतभर मातीखाली विटांचे तुकडे आणि चिकणमाती सापडते. तसं असेल तर खड्डा रुंद करा, डबर काढून टाका, आणि तळाची माती फावड्याने सैल करून त्यात शेणखत मिसळा. नुसत्या चिकणमातीतल्या खड्ड्यात पाणी साचतं आणि मुळं कुजतात.

रोप कुंडीसकट पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग काढून, काड्या भिंतीकडे कलतील असं तिरकं लावा. आता सगळ्यात महत्त्वाचं: मोठ्या फुलांच्या जाती कुंडीत होत्या त्यापेक्षा ५ ते ८ सेंटीमीटर खोल लावायच्या. इतर बहुतेक झाडांना असं केलं तर खोड कुजतं. क्लेमॅटिसमध्ये मात्र जमिनीखाली गेलेल्या पेरांवरचे डोळे जिवंत राहतात, आणि वरची वेल रोगाने किंवा गोगलगायींनी गेली तरी खालून पुन्हा फुटते. माँटाना, आल्पिना आणि आर्मांडी यांना याची गरज नाही, त्या होत्या त्याच पातळीवर लावा.

रोपाला बांधलेली बांबूची काडी लगेच काढू नका, तीच तारेकडे वळवून सुतळीने सैल बांधा. वर झारीभर पाणी द्या आणि बुडाभोवती कम्पोस्टचं आच्छादन पसरा, खोडाला न टेकवता.

मुळांना सावली हवी, शेंड्याला ऊन. दक्षिणेच्या भिंतीपाशी तर हे हवंच. त्यासाठी समोर जिरेनियमसारखं बुटकं झुडूप लावा, किंवा दोन-चार सपाट दगड ठेवा. दगडांखाली गोगलगायी लपतात, म्हणून मला झुडूप जास्त पटतं.

गुलाबाबरोबर लावायची असेल तर गट ३ चीच जात घ्या आणि गुलाबाच्या बुडापासून मीटरभर अंतर ठेवा. दोन्हींची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्येच येते, त्यामुळे काट्यांतून एकदाच हात घालावा लागतो.

कुंडीत लावायची तर कुंडी किमान ४५ सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल हवी. मिश्रण ‘जॉन इनेस क्रमांक ३’ (कुंडीसाठी तयार मिळणारं, माती असलेलं कम्पोस्ट). गर्न्सी बेटावर रेमंड एव्हिसन यांनी खास कुंडीसाठी बुटक्या जाती काढल्या आहेत, ‘बुलव्हार्ड’ नावाने मिळतात. घर बदललं की कुंडी बरोबर येते, म्हणून भाड्याच्या घरात हेच करा.

७. पहिलं वर्ष

इंग्लंडात पाऊस पडतच असतो म्हणून पाणी घालायचं राहून जातं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत, आठवडा कोरडा गेला की प्रत्येक वेलीला दहा लिटरची झारी पूर्ण द्या. रोज थोडं शिंपडून उपयोग नाही, ते वरच्या वर उडून जातं. कोरड्या उन्हाळ्यात नळाला पाइप लावण्यावर बंदी येऊ शकते. पन्हाळीला पिंप जोडून पावसाचं पाणी साठवलं की काळजी नाही.

खत मार्च-एप्रिलमध्ये, गुलाबाचं किंवा पोटॅश जास्त असलेलं. कुंडीला टोमॅटोचं द्रवखत चालतं. कळ्या उमलायच्या बेतात आल्या की थांबवा, नाहीतर बहर लवकर आटोपतो.

लावल्यानंतरच्या पहिल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गट कुठलाही असो, वेल जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर कापा. फक्त आर्मांडीसारख्या सदाहरित जाती सोडा. एवढीशी वेल कापायला जीव होत नाही हे मला माहीत आहे. पण न कापलेली वेल एकच काडी घेऊन वर जाते आणि टोकाला झुबका करून फुलते, खाली नुसतं खोड दिसतं. कापलेल्या वेलीला बुडातून चार-पाच फुटवे येतात. ते पंख्यासारखे पसरवून बांधा. क्लेमॅटिस आपणहून सरळ वर धावते, आडवी नेली तरच खालपासून फुलते.

८. दर वर्षीची छाटणी

गट ३: फेब्रुवारीच्या शेवटी सगळी वेल ३० सेंटीमीटरवर कापा. तेव्हा ती वाळल्यासारखी, भुरकट दिसते. बुडाजवळ पेरावर समोरासमोर दोन फुगीर हिरवट डोळे दिसतील. त्यांच्या जरा वर कात्री चालवा आणि वरचं जाळं ओढून काढा.

गट २: त्याच सुमारास वरून खाली येत प्रत्येक काडी बघा. मेलेली, बारीक काडी पहिल्या जोमदार डोळ्यांच्या जोडीपर्यंत कापा, बाकी ठेवा. जूनचा बहर संपल्यावर फुललेल्या काड्या थोड्या छाटल्या की दुसरा बहर बरा येतो.

गट १: फुलं गेल्यावर लगेच, आणि जागेत मावत नसेल तरच. फेब्रुवारीत कापलं तर त्या वर्षीची सगळी फुलं जातात. मे-जूनमध्ये माँटानाला हात लावण्याआधी आत पक्ष्याचं घरटं नाही ना ते बघा. वापरातलं घरटं मोडणं इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा.

९. बिघडलं तर

काल ताजी असलेली काडी आज पानांसकट लोंबते, पानं काळी पडतात: हा मर रोग, बुरशीमुळे होतो. मोठ्या फुलांच्या जातींनाच तो जास्त गाठतो, व्हिटिसेलांना क्वचित. काडी निरोगी भागापर्यंत, गरज पडली तर जमिनीपर्यंत कापा. कापलेलं कम्पोस्टच्या ढिगावर टाकू नका आणि कात्री जंतुनाशकाने पुसा. मग पाणी घालत राहा. वेल मेली असं समजून उपटू नका. खोल लावली असेल तर काही आठवड्यांत, नाहीतर पुढच्या वसंतात नवे फुटवे येतात.

पण आधी बुडाशी वाकून बघा. काडी खरवडलेली दिसली तर ती बुरशी नाही, गोगलगाय आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्री टॉर्च घेऊन बाहेर गेलात तर कोवळ्या फुटव्यांवर त्या सापडतात. हाताने वेचणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

पहिली फुलं हिरवट आली तर घाबरू नका. वसंत थंड आणि ढगाळ गेला की असं होतं, पुढची फुलं आपल्या रंगावर येतात. फुलंच आली नाहीत तर बहुधा चुकीच्या महिन्यात छाटणी झालेली असते. लेबल हरवलं असेल तर एक वर्ष काहीच कापू नका. वेल कधी आणि जुन्या काडीवर फुलते की नव्या, हे बघितलं की तिचा गट कळतो.

१०. एकीच्या दोन

वेल रुळली की दुसरी विकत घ्यायची गरज नाही, दाब कलम करा. वसंतात एक लांब, लवचीक काडी जमिनीकडे वाकवा. कम्पोस्ट भरलेली कुंडी तिथे पुरून ठेवा, एक पेर त्या कुंडीत मातीखाली दाबा आणि तारेच्या आकड्याने किंवा दगडाने बसवा. शेंडा बाहेर राहू द्या. माती ओली ठेवा. साधारण वर्षाने हलकेच ओढून बघा. काडी हलत नसेल तर मुळं धरली आहेत, मूळ वेलीपासून कापून कुंडी उचला. कुणाला भेट देणार असाल तर कुंडीवर जातीच्या नावाबरोबर छाटणीचा गटही लिहून द्या.